वरच्या मजल्याचं रंगकाम

प्रिय बाबा,

पत्र लिहायचं कारण सोपं आहे. फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. मी 'हॅलो' म्हणते, तुम्ही सुरू होता, आणि एकदा सुरू झालात की दुकानात गिऱ्हाईक येईपर्यंत थांबत नाही. हल्ली तर तुमचा पारा उतरतच नाही. कुठला माजोरडा माणूस तो, नाव सांग त्याचं, आमच्या पोरीला घर नाकारतो म्हणजे काय, स्वतःला समजतो कोण! परवा तुमचा आवाज एवढा चढला की ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या उंच पोराने, मी त्याला उंच्याच म्हणते, मान वर करून विचारलं, घरी कुणी आजारी आहे का? मी म्हटलं, नाही, माझे बाबा माझ्या बाजूने भांडताहेत. तो म्हणाला, नशीबवान आहेस. मी हो म्हटलं. उगाच चारचौघांत कशाला. आणि आता ही निषेध सभा. येत्या रविवारी, वसाहतीच्या पटांगणात, मांडव घालून, बातमीदार बोलावून, आणि अध्यक्ष अर्थातच तुम्ही. फलकावर माझा फोटो लावणार आहात हे दादाकडून कळलं. सभेसाठी तुम्ही माझ्याकडे जे मागितलंय, त्याचं शेवटी बोलू.

तब्येत बरी आहे. वेळेवर जेवते. जिन्याखालची खोली मिळाली, हे सांगितलंच होतं. घरमालकीण शिवणकाम करते. दिवसभर वर तिचं मशीन खडखडत असतं, आणि कपडे न्यायला आलेलं प्रत्येक गिऱ्हाईक माझ्या डोक्यावरून जिना चढतं. पलंगावर ताठ बसलं की टाळू पायरीला लागते. पण खोली दाखवताना तिने मला एकच विचारलं, सकाळी लवकर उठतेस ना, कारण मशीन लवकर सुरू होतं. बस. मी कुठली, आमच्यात काय खातात, कुणाला मानतात, घरी कोण येणार-जाणार, काही म्हणजे काही नाही. मला तर चुकल्याचुकल्यासारखं झालं. उत्तरं पाठ करून गेले होते, ती तशीच परत घेऊन आले.

तुम्ही दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला औषधाच्या पाकिटाबरोबर ऐकवता की आमची पोरगी परदेशात मोठ्या पुढारीणबाईंच्या हाताखाली काम करते. हाताखाली हे अगदी खरं. बाकी ऑफिस म्हणजे दोन खोल्या, एक गळका नळ आणि कागद चावणारा प्रिंटर. बाई टेबलाखाली बूट काढून बसतात आणि कुणी भेटायला आलं की पायाने चाचपडत ते शोधतात. उजवा सापडतो, डावा सापडत नाही. मग त्या बसूनच हात मिळवतात आणि लोकांना वाटतं, काय हा गर्व! गर्व आहेच, पण त्याचं कारण बूट नाहीत. माझं नाव त्यांना अजून नीट घेता येत नाही. कुणी चांगलं काम केलं तर शाबासकी देत नाहीत, पुढचं काम देतात. पण बाबा, ज्यांच्या बाजूला कुणी उभं राहत नाही, त्यांच्या बाजूला ही बाई जन्मभर उभी राहिली आहे. लोक अंगावर थुंकले, रात्रीतून दारावर घाण लिहून गेले, अख्खा पक्ष एकीकडे असताना ही एकटी दुसरीकडे हात वर करून बसली. त्यांची आई लोकांच्या घरची झाडलोट करायची. लहानपणी ह्या मायलेकींनी ट्रंक घेऊन दारं पालथी घातली. दारावर जागा आहे म्हणून पाटी, आणि ह्या दोघी दिसल्या की जागा नाही. प्रत्येक भाषणात त्या ही गोष्ट सांगतात. सांगून सांगून ती गुळगुळीत झाली आहे, पण खोटी नाही.

सध्या त्यांचा एकच ध्यास, भाड्याच्या घरांचा कायदा. माणसाची जात, देव, कातडी बघून घर नाकारलं तर घरमालकाला शिक्षा. पण नाकारलं हे सिद्ध कसं करायचं? तोंडावर नाही कुणी म्हणतच नाही, सगळे गोड बोलतात. त्यावर बाईंनी एक पद्धत बसवली आहे, तिला ऑफिसात 'जोडी' म्हणतात. जागेची जाहिरात बघून आधी माझ्यासारखा, तोंडावरूनच उपरा कळेल असा कुणीतरी जातो. थोड्या वेळाने इथलाच एखादा जातो, तेच वय, तेच काम, तोच पगार सांगून. मग काय ऐकलं, काय बघितलं ते दोघांनी एकमेकांना न विचारता लिहून काढायचं. माझी जोडी उंच्याशी. हा माझ्यासारखाच बाईंकडे शिकायला आलेला, इथलाच मुलगा. दारातून वाकून आत येतो आणि मनाने इतका सरळ की सुरुवातीला प्रत्येक वेळी मला समजवायचा, अगं, खरंच दिली असेल जागा दुसऱ्या कुणाला. मी हो म्हणून पुढचा पत्ता काढायची. सगळ्याच घरांत असं चालतं हे त्याला माहीतच नव्हतं, त्याला कशाला बिघडवा.

तुम्ही ज्या घरासाठी पेटून उठला आहात ते पाहणीचं घर नव्हतं. ते मला स्वतःला हवं होतं. ऑफिसपासून चालत जाता येईल अशी खोली, खिडकीत ऊन, खाली पावाचं दुकान. मालक माजोरडा वगैरे मुळीच नव्हता, बाबा. सभ्य गृहस्थ, केस नीट विंचरलेले, बोलणं मऊ. मला बघताच हळहळला. अरे अरे, तुम्हाला उगाच खेप पडली, जागा अजून तयार नाही हो, रंगकाम चालू आहे, केव्हा संपेल सांगता येत नाही, त्या वासाने तुम्हालाच त्रास व्हायचा. आणि खरंच, त्याच्यामागे खोलीत शिडी उभी होती. खाली वर्तमानपत्रं अंथरलेली. त्यांवर रंगाचा डबा. माझी नजर त्या डब्यावर गेली आणि मला हसू फुटलं. आवरेना. मालक गोंधळला. मी त्याच्या बाजूने आत गेले, वाकले, आणि डब्यातल्या रंगावर नख टेकवलं. वर नुसती साय धरलेली नव्हती, आतपर्यंत दगड झाला होता. पेपर पिवळे पडले होते. तो काळजीने म्हणाला, अहो, हात खराब होईल. मी म्हटलं, नाही होणार. मग उंच्याला फोन करून बोलावून घेतलं. तो गेला तेव्हा शिडी बाहेर जिन्यात होती, डबा कुठे नव्हता, आणि मालकाने चहा विचारून किल्लीच त्याच्या हातावर ठेवली. तो खाली आला तो रडवेला होऊन. मी अजून हसतच होते. त्याने विचारलं, पण तुला डब्याला हात लावून बघायचं सुचलं कसं?

कसं सुचलं ते तुम्हाला माहीत आहे. आपल्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. भिंती पिस्ता रंगाच्या आणि मधोमध डबा, फिकट गुलाबी रंगाचा. तो गुलाबी रंग आपल्या कुठल्याही भिंतीला कधी लागला नाही. ब्रश त्यात रुतून उभा. मी आणि दादा तो ओढून बघायचो, तर ब्रशबरोबर डबाच उचलला जायचा. वर भाडेकरू असले की डबा माळ्यावर, जागा रिकामी झाली की खाली. पाटी लावायच्या आधी तुम्ही मला लाडाने हाक मारायचात, वकीलसाहेब, जरा पेपर अंथरा बघू. मी मोठ्या हौसेने अंथरायची. मला वाटायचं, रंगारी येणार. यायची ती जागा बघायला आलेली माणसं. काहींना तुम्ही खाली गप्पांत गुंतवायचात, दादाला डोळ्याने खूण करायचात, आणि तो शिडी-डबा मागच्या गॅलरीत ठेवून यायचा. काहींना मात्र नाव विचारून झालं की लगेच वर न्यायचात, डब्याच्या दर्शनाला. किती अदबीने! तुम्ही कुणाचा अपमान केल्याचं मला आठवत नाही. उलट तुम्ही छातीवर हात ठेवून सांगायचात, आपण कुणाला नाही म्हणत नाही. दुकानातही तेच. औषध नसलं तरी संपलंय म्हणायचं नाही, येतंय म्हणायचं. आई कधीतरी वैतागून म्हणायची, त्या डब्याला एकदाची फुलं तरी वाहा, सगळं घर त्याच्या जिवावर चाललंय. तुम्ही हसायचात. आम्हीही हसायचो.

बाईंना मी त्या मालकाच्या डब्याची हकिगत सांगितली तेव्हा त्या पहिल्यांदाच माझ्यासमोर मोकळ्या हसल्या. म्हणाल्या, हे सगळं लिही, कायद्याच्या समितीपुढे तूच वाचायचंस. मी लिहिलं. कसं सुचलं तेही लिहिलं, आपला गुलाबी डबा, दादाची गॅलरी, माझे पेपर, सगळं. बाईंनी वाचलं आणि हिरव्या पेनाने त्या एका परिच्छेदावर तिरपी रेघ मारली. मी विचारलं, का? त्या म्हणाल्या, हा तुझ्या वडिलांचा डबा समोरच्यांना सापडला तर ते तो माझ्याच डोक्यात घालतील. म्हणतील, बघा, ह्यांच्या घरी हेच, आणि आले आम्हाला शिकवायला. मग जी माणसं आत्ता, ह्या क्षणी, सामान घेऊन रस्त्यावर आहेत त्यांनी काय करायचं? आधी कायदा होऊ दे, मग सांग तुझं खरं. बाबा, त्यांचं काही चुकलं नव्हतं. म्हणूनच ते जास्त लागलं. ह्या बाईकडे मी खरं बोलायला शिकायला आले होते, आणि तिने मला त्यातलं अर्धं कापून दिलं. पटलंही मला. त्याचा राग अजून जात नाही.

समितीपुढे मी रेघेखालचं सोडून बाकी वाचलं. लोक मन लावून ऐकत होते. वाचून झाल्यावर विरोधी बाजूच्या एका जाड्या सभासदाने चष्मा पुसत पुसत विचारलं, काय हो, तुमच्या देशात असं नसतं वाटतं? मी तोंड उघडलं. एक शब्द बाहेर पडायच्या आत बाईंनी माझ्यासमोरचा माईक स्वतःकडे ओढला आणि म्हणाल्या, आज प्रश्न इथल्या घरांचा आहे. टाळ्या पडल्या. तुम्ही दुकानाच्या काचेत जो फोटो लावलाय ना, तो त्या क्षणाचा आहे. माझं तोंड उघडं आहे म्हणून तुम्ही सगळ्यांना सांगता की पोरगी भाषण ठोकतेय. मी भाषण ठोकत नव्हते, बाबा. मी तुमच्याबद्दल सांगणार होते.

बाहेर आल्यावर मी भराभर पुढे निघाले. त्या माझ्याबरोबर चालत होत्या. एकदम म्हणाल्या, त्या गुलाबी डब्यापुढे शेवटचं कोण उभं होतं, ते तू लिहिलं नव्हतंस. खोडण्याआधी त्यांनी नीट वाचलं होतं तर. मी 'कुणी नाही' म्हणून सांगितलं आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

नर्सताई आठवतात ना तुम्हाला? आईला कूसही बदलता येत नव्हती, त्या दिवसांत तिला रोज पुसून घ्यायच्या, वेणी घालायच्या, घास उतरत नसला की चमच्या-चमच्याने भरवायच्या. आपल्या आत्या-माम्या दाराशी येऊन पदर डोळ्यांना लावून परत जायच्या, आईला हात लावायला मात्र ह्या एकट्याच. आई गेली तेव्हा तुम्ही त्यांच्यापुढे हात जोडून म्हणालात, ताई, सख्ख्या बहिणीनेही एवढं केलं नसतं, काही लागलं तर हक्काने सांगा. त्यांनी हक्काने सांगितलं. मुलगी लहान, घर लांब, पाळ्या उलटसुलट. आपली वरची जागा रिकामी आहे हे मीच त्यांना सांगितलं, अगदी आनंदाने. आई गेलेल्या घरात त्या येणार म्हणून मला किती बरं वाटलं होतं ते तुम्हाला कधी सांगताच आलं नाही. त्या चांगली साडी नेसून, मुलीचा हात धरून आल्या. तुम्ही स्वतः त्यांना वर घेऊन गेलात. मी चहा टाकला आणि झाला म्हणून सांगायला वर आले, तर दारातच ऐकलं, काय करणार ताई, बघताय ना, रंगकाम चालू आहे. त्यांच्या मुलीने तेवढ्यात ब्रशला हात घातला. ओढला. डबा उचलला गेला. आम्ही ओढायचो तेव्हा व्हायचं तसंच. नर्सताईंनी तिची बोटं हळूच सोडवली आणि तुम्हाला म्हणाल्या, छान रंग आहे, होऊ द्या सावकाश. चहा न घेता गेल्या. तुम्ही खाली येऊन म्हणालात, वाईट नको वाटून घेऊ, बिचारी स्वभावाने चांगली आहे, पण आपल्यातली नाही ना. आणि त्यांच्यासाठी ओतलेला चहा तुम्ही पिऊन टाकलात.

समितीचं झाल्यावर मी त्यांना फोन केला. नंबर दादाने मिळवून दिला. माझा आवाज त्यांनी लगेच ओळखला. म्हणाल्या, अगं, तुझा फोटो बघितला ना दुकानात, बाबा दाखवत होते, किती कौतुक त्यांना! मला सगळं सांगितलं त्यांनी, तुला तिकडे घर नाकारलं, रंगकामाचं खोटंच कारण सांगितलं म्हणून. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या. म्हणत होते, माणसं किती खालच्या थराला जातात बघा ताई, तुम्हीसुद्धा या रविवारी सभेला. बाबा, मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात? त्या म्हणाल्या, काय म्हणणार, हो ना, म्हटलं. आणि वर त्याच मला समजावू लागल्या, नाही गं, मुद्दाम नाही, त्यांच्या लक्षात नाही ते, एवढी माणसं यायची. त्यांची मुलगी आता नोकरीसाठी दुसऱ्या शहरात जागा शोधते आहे. रंग चालू आहे असं कुणी म्हटलं की आधी भिंतीला बोट लावून बघते, असं सांगताना त्या हसल्या. शेवटी म्हणाल्या, तू काही बोलायला जाऊ नकोस हां, माझं नाव तर नकोच, रोजची औषधं मला त्यांच्याच दुकानातून न्यायची असतात.

तोवर मी धरून चालले होते की मनात कुठेतरी तुम्हाला बोचत असेल, आणि माझ्यासाठी एवढं पेटून उठणं हे त्याचंच काहीतरी असेल. तुम्ही विसरलात हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मला तुमची लाज वाटली, बाबा. लहानपणापासून ज्यांच्या बोटाला धरून चालले, त्यांची लाज वाटणं किती वाईट असतं, ते मी तुम्हाला कसं सांगू? आणि गंमत बघा, त्याच दिवशी जिन्याखाली डोकं आपटलं तेव्हा तोंडातून 'बाबा रे' हेच आलं.

तर आता तुम्ही मागितलंत त्याचं. सभेत वाचायला तुम्हाला माझं निवेदन हवंय. जरा जळजळीत लिही, म्हणालात, मी स्वतः उभा राहून वाचणार आहे, बाईंच्या लेटरहेडवर असेल तर उत्तम. लेटरहेड मिळालं नाही, असला मजकूर बाईंना त्यावर चालला नसता. बाकी निवेदन हेच आहे, बाबा, तुमच्या हातात आहे ते, 'प्रिय'पासून सहीपर्यंत. मी ते एकदा कापून वाचलं आहे. तुम्ही अख्खं वाचा. नर्सताईंचं नाव मी कुठेही लिहिलेलं नाही. त्या आल्याच तर पहिल्या रांगेत बसवा आणि त्यांच्याकडे न बघता वाचा, नाहीतर सगळ्यांना कळेल. फोनवर बोलता तसा आवाज चढवा, शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे. आणि वाचणं नाहीच जमलं, तर उभे राहा आणि जमलेल्या मंडळींना अदबीने सांगा की निवेदन अजून तयार नाही, काम चालू आहे, केव्हा संपेल सांगता येत नाही. कुणाला शंकासुद्धा येणार नाही.

तुमचीच,
वकीलसाहेब